बिनकडीची बाथरूम

आबांच्या बाथरूमला आतून कडी नाही, ही गोष्ट जगाला कळली तो दिवस बुधवार होता.

कॉलेजात परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांना कुणाच्या तरी घरी राहायला ठेवायचं, आणि मग ती तिथे नीट आहेत का ते बघायचं, असं काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्या घर बघायला आल्या होत्या. त्यांनी आबांकडे राहायला आलेल्या मुलीची खोली बघितली, गादी दाबून बघितली, खिडकी उघडून बघितली. आबा मागे मागे फिरत होते. जन्मभर वजनमापाच्या खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेला माणूस. दुसऱ्यानं आपलं काही तपासायचं, हा अनुभव त्यांना नवा होता. शेवटी बाई बाथरूममध्ये शिरल्या, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग दार उघडलं. पुन्हा लागलं. पुन्हा उघडलं.

"काका, कडी कुठंय?"

"आहे की," आबा म्हणाले. मग दाराकडे बघून म्हणाले, "म्हणजे, होती."

दारावर कडीच्या जागी चार भोकं होती. त्यांतल्या दोन भोकांत साबण गेला होता.

"मग ही मुलगी आठ दिवस अंघोळ कशी करते?"

आबांनी जमिनीकडे बघितलं. पण मुलगी सरळ होती. ती आमची भाषा आपल्या गावी शिक्षक लावून शिकली होती, आणि प्रत्येक वाक्य दगड मांडावेत तशी नीट मांडून बोलायची. दगड हाच तिचा विषय होता. दगडांवर शिकायला इतक्या लांब यावं, याचं आबांना अजून नवल वाटत होतं.

"मी अंघोळ करते तेव्हा आबा घराबाहेर जातात," ती म्हणाली. "खाली गेटपाशी उभे राहतात. मग आबा अंघोळ करतात तेव्हा मी जाते, गेटपाशी उभी राहते. मला वाटलं, इथली पद्धत आहे."

समोरच्या वहिनी तोपर्यंत आपल्या दारातून आबांच्या दारात आल्याच होत्या. त्यांच्या घरातून आबांच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, फक्त दिसायचं नाही. ती उणीव त्या अशी भरून काढत. "अगं बाई, म्हणून होय!" त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आधी आबा बनियनवर गेटपाशी, नंतर ही ओले केस घेऊन गेटपाशी! आम्हाला वाटलं, दोघांचं भांडण होतं आणि आळीपाळीनं एकमेकांना घराबाहेर काढतात."

आबांचे कान तापले. मुलगी आपण अंघोळीला गेलो की खाली जाते, हे त्यांना आत्ता कळत होतं. आपण तिच्यासाठी करतो ती सभ्यता, आणि तिनं तीच परत करावी हे आपलं भाग्य, असं कुणाला सांगता आलं असतं. पण बनियनचा उल्लेख झाल्यावर सभ्यता उरत नाही.

बाई म्हणाल्या, "हे बघा काका, घरात दुसरं बाईमाणूस असतं तर मी एवढं ताणलं नसतं. पुढच्या बुधवारी येते. तोवर कडी बसवा. नाहीतर मला हिला दुसऱ्या घरी हलवावं लागेल. एक कुटुंब तयार आहे. त्यांच्याकडे दोन बाथरूम आहेत आणि दोन्हींना कड्या आहेत."

कड्यांचं त्यांनी असं सांगितलं, जशी स्थळाची श्रीमंती सांगावी.

आता हे कडी नसण्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. आबांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, एकदा त्या बाथरूममध्ये अडकल्या होत्या. कडी आतून बसली ती निघेना. आबा ऑफिसात. काकू आतून ओरडत होत्या आणि वहिनी बाहेरून त्यांना धीर देत होत्या, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे अडकण्यापेक्षा तो धीरच जास्त त्रासाचा होता. शेवटी आबांनी येऊन धक्का मारला तेव्हा कडी उखडून बादलीत पडली. काकूंनी त्याच ओल्या पदरानं सांगितलं, "पुन्हा कडी लावायची नाही. मी आत असले की बोलत राहीन. आवाज आला की समजायचं, आत कुणीतरी आहे."

आणि त्या बोलत राहिल्या. रोज. "अहो, दूध बघा! गॅस बारीक करा! पेपरवाल्याला सांगा, काल पेपर नव्हता! चष्मा शोधताय ना, डोक्यावर असेल!" आबांनी "बघतो गं" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. आबा स्वतः आत असले की खोकत. संसाराची अशी सोय झाली होती की तिला कडीची गरज नव्हती.

घरात मुलगी ठेवायची कल्पनाही काकूंचीच. "दोघंच दोघं एकमेकांची तोंडं किती बघायची," म्हणून त्यांनी नाव नोंदवलं, मागच्या खोलीला नवा पडदा शिवला, आणि मुलगी यायच्या आधी त्या गेल्या. मग कॉलेजातून फोन आला की आता कसं करायचं, रद्द करायचं का. आबांना रद्दच म्हणायचं होतं. तोंडातून "येऊ द्या" निघालं. का निघालं ते त्यांनाही ठाऊक नाही. पडदा शिवलेला होता, एवढंच त्यांना तेव्हा आठवलं.

मुलगी आली. तिनं धुतलेले दगड खिडकीत ओळीनं वाळत घातले. आबा चहाला दोन कप पाणी ठेवायला लागले. आणि आता कडी नसेल तर मुलगी जाणार होती, म्हणजे पुन्हा एक कप. त्या रात्री त्यांना कडी सोडून दुसरं काही सुचेना.

एक कडी बसवायची. त्यात काय मोठं? हे वाक्य ज्यानं म्हणून उच्चारलं, त्याचा संसार रस्त्यावर आलेला आहे.

दुसऱ्या दिवशी आबा हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांच्या जुन्या ओळखीचा होता, म्हणजे आबांनी एकेकाळी त्याचा तराजू जप्त केला होता. त्यानं अगदी मनापासून त्यांना सगळ्यात जड पितळी कडी दिली. "आबासाहेब, दार मोडेल पण ही मोडायची नाही," तो म्हणाला. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, पण आबांना ते कडीचं कौतुक वाटलं.

घरी येऊन त्यांनी स्क्रू लावला. स्क्रू पिळायची गरजच पडली नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटात बोट जावं तसा तो लाकडात गेला आणि पलीकडून बाहेर आला. मुलगी दाराच्या दुसऱ्या बाजूनं म्हणाली, "आबा, इकडे टोक आलं आहे."

"येऊ दे. तू लांब हो."

"लाकूड आतून कुजलं आहे. दगड असता तर—"

"दगड असता तर बाथरूमला कुणी लावला असता का, बाळ?"

मग सुतार आला. सुतार लगेच आला, इथेच आबांनी घाबरायला हवं होतं. त्यानं दारावर मूठ आपटली आणि रोग्याच्या नातेवाइकांकडे बघावं तसं आबांकडे बघितलं. "दार गेलंय, आबा."

"गेलंय म्हणजे?"

"खालचा भाग पार संपलाय. खालून कापून नवी फळी जोडावी लागेल. चौकटही एका बाजूनं गेलीय." असं म्हणून त्यानं दाराचं माप घ्यायला वीत लावली. एक वीत, दोन वीत. आबांना राहवेना.

"टेप नाही का तुझ्याकडे?"

"आहे की. पण ती थोडी वाढीव आहे. माझी वीत बरोबर आहे."

वजनमापाच्या खात्यात असते तर आबांनी त्या टेपचं काय केलं असतं आणि कदाचित त्या वितीचंही काय केलं असतं, ते सांगायला नको. पण आता सुतार एकच होता आणि बुधवार जवळ येत होता. सुतारानं बिजागऱ्या सोडवल्या, दार पाठीवर घेतलं, "उद्या आणतो" म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर आबांच्या लक्षात आलं, की सकाळी आपल्याकडे कडी नव्हती, आता दारही नाही. आणि त्याहून एक गोष्ट लक्षात आली. दाराच्या आतल्या बाजूला वाकडा खिळा होता. काकू अंघोळीला जाताना त्यावर बांगड्या अडकवायच्या. खिळा दाराबरोबर गेला होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

"दार येईपर्यंत पोरीला आमच्याकडे पाठवा," वहिनी म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मुलगी टॉवेल घेऊन समोर जाऊ लागली. वहिनींच्या बाथरूमला तीन कड्या होत्या, वर, खाली आणि मधे. वहिनींच्या सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसत आणि मुलीच्या गावचं सगळं विचारून घेत. पहिल्या दिवशी मुलगी अंघोळ करून लगेच आली. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन आली. तिसऱ्या दिवशी जेवून आली आणि तिच्या केसांना सासूबाईंनी तेल लावलेलं होतं.

"आबा," वहिनी जाता जाता म्हणाल्या, "खरं सांगू का, बाईंना आमचंच घर सुचवा ना. पोरगी काही लांब जायची नाही. समोरच तर असेल. आणि सासूबाई पण गुंततात तिच्यात."

"हं," आबा म्हणाले.

समोरच म्हणजे काय? समोरच्या घराचं दार बंद झालं की ते घर कितीही समोर असलं तरी परकंच असतं. आबांना रात्री असं वाटलं, की आपण बाथरूमचं दार काढून दिलं आणि त्यातून मुलगी हळूहळू बाहेर चालली आहे. मग त्यांना असा विचार केल्याची लाज वाटली आणि ते पाणी प्यायला उठले.

दार काढल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. चौकटीखालची ओल उघडी पडली. ती ओल खालच्या वकिलांच्या छतावर पसरलेल्या डागाची आई निघाली. वकील वर आले, बाथरूममध्ये उकिडवे बसले आणि ओलीकडे बराच वेळ बघत राहिले. साक्षीदाराकडे बघावं तसे.

"आबा, आपले संबंध घरचे आहेत," ते म्हणाले. ही सुरुवात ऐकल्यावर संबंध संपत आले हे आबांना कळलं. "पण आता चौकट बसवू नका. आधी ओल. चौकट बसली की पुरावा झाकला जाईल."

"अहो, मला बुधवारच्या आत दार हवंय."

"दार लावा की. चौकटीशिवाय लावा."

"चौकटीशिवाय दार कशाला लावू?"

"तो सुताराचा प्रश्न. मी कायद्याचं बोलतोय."

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांचं म्हणणं, चौकट बदलणं म्हणजे बांधकाम, आणि बांधकामाला कमिटीची परवानगी लागते. कमिटी कधी भरते? सगळे सभासद हजर असतात तेव्हा. सगळे कधी हजर असतात? सेक्रेटरी जरा विचारात पडले. "मागच्या वेळी वॉचमनच्या पगारवाढीला नकार द्यायचा होता तेव्हा होते," ते म्हणाले.

या सगळ्यात सुतार बेपत्ता होता. फोन केला की "निघालोच" म्हणायचा. तो कुठून निघाला आहे आणि कुठे निघाला आहे, हे काही सांगत नसे. मंगळवारी दुपारी आबांनी चप्पल घातली.

"कुठे जाता?" मुलीनं विचारलं.

"दार आणायला."

"मी पण येते."

"तू कशाला? तुझा अभ्यास आहे."

"दाराला दोन माणसं लागतात," ती म्हणाली. हा मुद्दा बिनतोड होता.

सुताराचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. आत गेले तर आबांचं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं, आणि त्यावर सुतार आणि त्याचा मेहुणा डबे उघडून जेवत होते. खाली नवी फळी मात्र खरंच जोडलेली होती. वाकड्या खिळ्यावर सुताराचा रुमाल वाळत होता.

"आबा!" सुतार उठला. "मी निघालोच होतो. म्हटलं, दोन घास खाऊन—"

"रुमाल काढ," आबा म्हणाले.

त्यांचा आवाज असा आला की सुतारानं रुमाल काढला, डबे काढले आणि मेहुण्यालाही थोडं बाजूला केलं. मग वाकडा खिळा बघून तो म्हणाला, "हा काढून टाकायचा होता, राहिला बघा. आत्ता उपटतो."

"हात लावू नकोस."

मुलीनं एकदा खिळ्याकडे आणि एकदा आबांकडे बघितलं.

"उद्या सकाळी येऊन बसवतो. आईशप्पथ," सुतार म्हणाला. नव्या फळीवरचा रंग अजून ओलसर होता, त्याला धूळ लागू नये म्हणून त्यानं दारावर पांढरी चादर गुंडाळली. हातगाडी मेहुण्याची होती आणि तिचं एक चाक मेहुण्याइतकंच कामाचं होतं. म्हणून शेवटी दार दोघांनी उचलूनच न्यायचं ठरलं. पुढे आबा, मागे मुलगी.

गल्लीतून जाताना लोक बाजूला होऊ लागले. आधी आबांना वाटलं, माणसं चांगली आहेत. मग चौकात एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. आबांना खांद्यावरच्या पांढऱ्या चादरीचा अर्थ कळला.

"आबा, त्या आजोबांना सांगू का, दार आहे म्हणून?" मागून मुलगी म्हणाली.

"राहू दे. तेवढाच दाराला मान."

जरा पुढे गेल्यावर दोघं टेकले. दार भिंतीला लावून कट्ट्यावर बसले. आणि तिथे, काही कारण नसताना, आबांनी तिला सगळं सांगितलं. कडी का नव्हती, काकू आत अडकल्या ते, मग आतून बोलायच्या ते, दूध, गॅस, चष्मा, सगळं. खिळ्याचंही सांगितलं. मुलगी ऐकत होती.

"मग तुम्ही काय म्हणायचे?"

"मी? 'बघतो गं' म्हणायचो."

"आणि बघायचे?"

"छे."

मुलगी हसली. मग उठून तिनं दाराची मागची बाजू धरली.

बुधवार उजाडला. सुतार आला नाही. फोनवर तो निघालेलाच होता. वकील जिन्यात उभे होते, कारण चौकटीला कुणी हात लावतो का ते त्यांना बघायचं होतं. सेक्रेटरी उभे होते कारण वकील उभे होते. वहिनी आणि सासूबाई आपल्या दारात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. आबांनी दार बाथरूमच्या तोंडाशी नुसतं टेकवून ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पितळी कडी हातात धरून बसले. निदान माल तरी दाखवता यावा.

बाई आल्या. टेकवलेल्या दाराकडे त्यांनी बघितलं, आबांच्या हातातल्या कडीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती कीव होती.

"काका, मी मागच्या वेळी आले तेव्हा कडी नव्हती. आता बिजागऱ्याही नाहीत."

"चौकटही जाणार आहे," वकील जिन्यातून म्हणाले.

"मी हेच म्हणत होते, की आमच्याकडे—" वहिनी सुरू झाल्या.

आबांना काहीतरी बोलायचं होतं. काय बोलायचं ते त्यांनी रात्री ठरवलं होतं, आता त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. तेवढ्यात मुलगी खोलीतून टॉवेल घेऊन आली, कुणाकडे न बघता बाथरूममध्ये गेली, आणि आतून दार ओढून तोंडाशी नीट टेकवलं. नळ सुरू झाला.

"अगं, हे काय?" बाई म्हणाल्या.

आणि आतून मोठ्यानं, एकेक शब्द नीट मांडून, आवाज आला.

"आबा! दूध बघा! उतू जाईल! गॅस बारीक केला का? चष्मा शोधू नका, डोक्यावर आहे! शर्ट उलटा घातला आहे, तो सरळ करा!"

सगळे आबांकडे बघायला लागले. चष्मा डोक्यावर होता. शर्टाची शिवण बाहेर होती. आबा जागच्या जागी उभे होते. बाथरूममधून इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्यांना ओरडत होतं.

"बघतो गं," ते म्हणाले.

आणि सवयीप्रमाणे जागचे हलले नाहीत. स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला, करपल्याचा वास आला, तेव्हा बाईंना समजलं की दूध खरोखरच ठेवलेलं होतं. त्याच धावत गेल्या. त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि हात पुसत परत आल्या तेव्हा आबा अजून तिथेच, हातात कडी घेऊन उभे होते. डोळ्यांना काहीतरी होत होतं म्हणून त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यानं काही झाकलं गेलं नाही.

मुलगी टॉवेलमध्ये केस गुंडाळून बाहेर आली. "आवाज आला की समजायचं, आत कुणीतरी आहे," ती बाईंना म्हणाली. "ही या घराची पद्धत आहे. मी आता शिकले."

"अगं, पण नियमात कडी आहे. आवाज नाही."

"मग काम चालू आहे, असं सांगा."

बाईंनी पुन्हा एकदा टेकवलेल्या दाराकडे बघितलं. "वर विचारलं तर मी काय सांगू?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बिनदुधाचा चहा प्यायल्या, आणि जाताना आबांना म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते, काका. तोवर राहू दे हिला. पण कडी हवी हं मला. आणि शर्ट सरळ करा."

सासूबाईंनी खुर्ची आत घेतली.

त्याला आता बरेच दिवस झाले. सुतार एका संध्याकाळी आपण होऊन आला आणि त्यानं जुन्याच चौकटीला दार बसवलं. ते लागताना कुरकुरतं. वकिलांचा डाग होता तेवढाच आहे. कमिटी भरलेली नाही. वाकडा खिळा जागेवर आहे आणि त्यावर मुलगी घड्याळ अडकवते. तिला अजून सांगायला फारसं सुचत नाही, म्हणून दूध आणि गॅस झाल्यावर ती दगडांची नावं म्हणते. आबा बाहेर पेपर वाचत "बघतो" म्हणतात.

पितळी कडी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलेली आहे. ती बसवायची राहिली आहे.